अंड्यावरचं बारीक अक्षर

"पेनाच्या बाबतीत या घरात दुसऱ्या कुणाचं मत घ्यायची गरज नाही!" असं रेषेबुवांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्यासमोर त्यांची बायको, त्यांची सून आणि एक यंत्र एवढेच श्रोते होते. यंत्र अंड्यांवर अक्षरं काढायचं. तिघांपैकी कुणीच हरकत घेतली नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं, असा अर्थ रेषेबुवांनी काढला.

रेषेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी उभं आयुष्य नकाशे आखण्यात घालवलं होतं. कुठला नळ कुठून निघून कुठे जातो, हे त्यांच्या नकाशात इतकं सुबक दिसायचं की पाणी आलं नाही तरी माणसाने नकाशा बघून समाधान मानावं! नकाशावरची अक्षरंही तेच काढायचे. मुंग्यांनी शाळेत शिकून रांगेत उभं राहावं, तशी. खात्यातल्या साहेबांनी कौतुकाने त्यांना रेषेबुवा म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी कंटाळून ते चालू ठेवलं. निवृत्तीनंतर खातं सुटलं आणि नाव तेवढं घरी आलं.

यंत्र सुनेचं होतं. ती इंजिनियर. दोन छोट्या मोटरी, एक फळी आणि चार स्क्रू जोडून तिने ते घरीच केलं होतं. दोन रबरी वाट्यांच्या मध्ये अंडं उभं धरायचं. ते सावकाश गोल फिरायचं आणि बाजूने आडवं रोखलेलं पेन वरखाली होत त्याच्यावर रेघ ओढायचं. तिचा नवरा, म्हणजे रेषेबुवांचा मुलगा, जहाजावर नोकरीला होता. घरात काहीही झालं की तो सोयीस्करपणे समुद्रात असायचा.

या यंत्राला पहिलंवहिलं काम मिळालं होतं. चौकात चष्म्याचं नवीन दुकान उघडत होतं. मालकाला काचेमागे अंड्यांची रांग मांडायची होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर असतो तसा तक्ता प्रत्येक अंड्यावर हवा. वर मोठं अक्षर, खाली लहान, त्याखाली आणखी लहान. शेवटची ओळ इतकी बारीक की रस्त्याने जाणाऱ्याने थांबून काचेला नाकच लावावं.

"माझ्याकडची सगळी पेनं तिसऱ्या ओळीला मान टाकतात," सून म्हणाली. "बारीक तर हवं, पण तुटायला नको आणि पुसायलाही नको. मला आज कामासाठी बाहेर जायचंय, उद्या संध्याकाळी येईन. तोवर तुम्ही जरा बघाल का, बाबा? आल्या आल्या काढायला बसते."

"बघाल का म्हणजे? झालं समज!"

"हे झालं समज म्हणाले की मी आधी देवापुढे दिवा लावते," बायको सुनेला म्हणाली. पण सून तोवर जिना उतरून गेली होती.

रेषेबुवा थेट स्टेशनरीच्या दुकानात गेले.

"बारीक टोकाची पेनं दाखवा."

"किती बारीक?"

"तुमची हिंमत असेल तितकी."

"लिहायचंय कशावर?"

"अंड्यावर."

दुकानदाराने हातातली कात्री खाली ठेवली. "कच्च्या की उकडलेल्या?"

"तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला नाही पडत, अंड्याला पडत असेल." मग त्याने आवाज उतरवून विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत! पेनं दाखवा."

"ही घ्या. नकाशे काढणारी मंडळी हीच नेतात."

"नकाशे काढणारा मीच आहे!"

"मग तुम्हीच सांगा ना, कुठलं देऊ?"

रेषेबुवांनी दुकानातलं प्रत्येक बारीक पेन एकेक घेतलं. येताना इमारतीखालच्या अंडीवाल्या मामांकडून अंड्यांचे ट्रे उचलले.

"एवढी?" मामा म्हणाले.

"उरली तर परत आणून देतो."

"आणा की. दुकान काय पळून चाललंय?"

जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं गेलं. सुरुवातीला रेषेबुवांनी बाजारातली पेनं बाजूला सारून स्वतःचं खात्यातलं जुनं पेन काढलं. पोलादी टोकाचं, केसासारखी रेघ ओढणारं. "याच्यापुढे बाकी सगळा कचरा आहे," असं ते बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. हातात धरलं तर ते पेन फुलपाखरासारखं चालायचं, पण यंत्राला कुठली आलीय फुलपाखराची अक्कल! त्याने टोक टेकवलं, दाबलं, आणि पहिल्या अक्षराच्या जागी अंड्याला गोल भोक पडलं. आतला ऐवज टेबलावर उतरला.

"पुसायला फडकं कुठलं घेऊ?" बायकोने विचारलं.

"तुझं आपलं फडक्यावरच लक्ष!"

मग रीतसर चाचणी सुरू झाली. बॉलपेनं उभी धरली तर झकास चालायची, पण यंत्रात आडवी झाली की शाई मागे सरकायची आणि काम बंद. जेलपेनाची रेघ देखणी यायची, पण टरफलावर पसरायची आणि बोट लावलं की बोटावर यायची. एक पेन वरून बघाल तर नवंकोरं, पण दुकानात पडून पडून आतली शाईच गोठलेली. एका मार्करचा वास असा होता की दोन अंडी होईस्तोवर रेषेबुवांना खिडकीत जाऊन उभं राहावं लागलं. एकाची शाई वाळायला इतका वेळ घेई की तोवर आपण कशासाठी थांबलोय तेच विसरायला व्हावं!

आता खात्याची सवय म्हणजे सवय. चाचणी केली की शेरा मारायचा, आणि तो जिथल्या तिथे मारायचा. यंत्राने अंड्यावर ओढलेली रेघ ते ओल्या फडक्याने पुसून काढायचे, आणि त्याच अंड्याच्या पोटावर आपल्या पोलादी टोकाच्या पेनाने, हलक्या हाताने, मुंगीएवढ्या अक्षरात त्या पेनाबद्दलचं मत नोंदवायचे. मग अंडं ट्रेमध्ये परत. ट्रेमध्ये अंडं खोचलं की वर नुसता गुळगुळीत माथा दिसे, पोट खाली झाकलेलं.

दुपार कलली तेव्हा शेवटी ते पेन सापडलं. टोपणावर निळा ठिपका, दिसायला अगदी सामान्य, टोक मऊ पण खमकं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत असं चाललं की रेषेबुवांनी श्वाससुद्धा ओळ संपल्यावरच घेतला. त्यांनी ते पेन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं.

"अहो, टेबल मोकळं होणार आहे का? की मांडीवर ताट घेऊन जेवायचं?"

"झालं, झालं! हे सगळे ट्रे बाद. उचल इथून."

बायकोने उचलले. नको असलेली अंडी घरात ठेवून करायचं काय? तिने ती खाली नेऊन मामांना परत दिली. मामांनी वरून एक नजर टाकली, एकही फुटलेलं नाही हे बघितलं, आणि ट्रे पुढे मांडून ठेवले.

रेषेबुवा त्या रात्री फार समाधानाने झोपले. सकाळी उठले, चहा प्यायले आणि यंत्राला तेल घालत बसले. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये काय चाललंय, हे ते कधीच बघत नसत. एरवी त्यांचं काही बिघडलंही नसतं.

दारावरची बेल वाजली. इमारतीचे सेक्रेटरी आले होते. लिफ्ट बंद पडली तरी खाली दोन्ही हात मागे बांधून गंभीर उभे राहणारे गृहस्थ. आज मात्र त्यांचा एक हात पुढे होता आणि हातात, रुमालावर, एक अंडं.

"तुम्ही सरकारी खात्यातले. म्हणून मुद्दाम आलो. हे जरा बघा."

रेषेबुवांनी चष्मा लावला आणि वाचलं: *वरून बरं. आत सगळं घट्ट झालंय.*

"अक्षर मात्र उत्तम आहे!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"अक्षर बघायला नाही आणलं! कुठल्या खात्याचं वाटतं? आमच्या मते सरकारी प्रयोगशाळेत तपासलेली, नापास झालेली अंडी आहेत ही. नष्ट करायची ती चोरून बाजारात आली. नर्सबाईंच्या अंड्यावर काय निघालं माहितेय? *पसरतं. हाताला लागतं.* बाई सकाळपासून साबणाने हात धुताहेत, कुणाला जवळ येऊ देत नाहीत. आणि तळमजल्यावरचा पैलवान!"

"त्याला काय झालं?"

"तो रोज कच्ची अंडी पितो. आजही प्यायला. पिऊन झाल्यावर त्याच्या आईने टरफल उचललं. त्यावर लिहिलंय, *उभं ठीक. आडवं झालं की संपलं.* तेव्हापासून तो भिंतीला पाठ लावून उभा आहे! बस म्हटलं तरी बसत नाही. म्हणतो, बसल्यावर झोप लागली तर?"

"चौकशी करावी लागेल," असं काहीतरी पुटपुटून रेषेबुवांनी दार लावलं आणि ते स्वयंपाकघराकडे धावले.

"अगं, कालचे ट्रे कुठे ठेवलेस?"

"ठेवतेय कशाला? परत दिले. बाद आहेत म्हणालात ना?"

"बाद म्हणजे लिहून झालेले!"

"लिहिलेले? मला तर काही दिसलं नाही!"

"दिसेल कसं? केवढं बारीक आहे ते!" हे बोलताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान डोकावलाच. बायकोने हातातला झारा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तो अभिमान लगेच आत गेला.

"आत्ताच्या आत्ता खाली जा आणि सांगून या."

"जातो. जरा गर्दी पांगू दे."

गर्दी पांगायचं नाव घेईना. गॅलरीतून त्यांना सगळं दिसत होतं. मामांच्या दुकानापुढे अर्धी इमारत जमली होती. जो तो हातात अंडं धरून कधी डोळ्याजवळ आणत होता, कधी लांब नेत होता. "माझ्यावर डोकं धरतं असं आहे!" "अहो, माझ्यावर परिणाम उशिरा दिसतो असं आहे! आणि मी परवापासून खातोय!" परवा ती अंडी कोंबडीच्या पोटात होती, हे त्याला सांगणार कोण?

मग एक मोटारसायकल थांबली आणि अन्न तपासणीस उतरला. त्याच्याकडे सील करायची पट्टी होती. तो बोलत होता आणि मामा ऐकत होते. एरवी ओरडून ओरडून गिऱ्हाइकाशी बोलणारे मामा रिकाम्या खोक्यावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. शाळेत काही न करता शिक्षा झालेल्या मुलाने बसावं, तसे.

ते बघितल्यावर मात्र रेषेबुवांना गॅलरीत उभं राहवेना. त्यांनी पोलादी टोकाचं पेन खिशाला लावलं आणि ते जिना उतरले.

"साहेब, सील करू नका. ते मी लिहिलंय."

कुणी लक्षच दिलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा सेक्रेटरी तपासणिसाच्या कानाला लागले. "फार सज्जन गृहस्थ आहेत, साहेब. मामांची दया आली त्यांना. मनावर घेऊ नका."

"काका, सरकारी कामात मध्ये येऊ नका," तपासणीस म्हणाला. "हे छापील आहे. चांगल्या मशीनवर छापलंय. माणसाच्या हाताला असं अक्षर येणंच शक्य नाही."

उभ्या नोकरीत रेषेबुवांच्या अक्षराचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि आता ते ऐकून घ्यायच्या ऐवजी खोडून काढायची वेळ आली होती!

"माणसाच्याच हातचं आहे! माझ्या! एक अंडं द्या."

मामांनी एक अंडं पुढे केलं. रेषेबुवांनी ते डाव्या हातात धरलं. अर्धी इमारत वाकून बघत होती. पैलवानसुद्धा भिंत धरत धरत दारापर्यंत आला होता. त्यांनी लिहिलं: *यात मामांचा काहीही दोष नाही.*

तपासणिसाने खिशातून भिंग काढलं. हे अंडं बघितलं, ते अंडं बघितलं.

"मग *पसरतं* म्हणजे?"

"शाई."

"*हाताला लागतं?*"

"तीच शाई."

"*आत सगळं घट्ट झालंय?*"

"पेनाच्या आत, साहेब. दुकानात पडून होतं."

"*परिणाम उशिरा दिसतो?*"

"वाळायला वेळ लागतो हो त्या पेनाला!"

"काका," मागून पैलवानाचा बारीक आवाज आला, "मग मी आडवा होऊ का?"

"खुशाल हो, बाळा! ते बॉलपेनाबद्दल होतं."

पैलवान होता तिथेच, दुकानाच्या पायरीवर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. नर्सबाई हात पुढे करून म्हणाल्या, "सालपटं निघाली माझ्या हातांची! एवढं लिहिलंत, तर वर पेन एवढा शब्द लिहायला काय झालं होतं?"

"अंड्यावर जागा कमी असते हो," रेषेबुवा म्हणाले. नर्सबाईंना ते पटलेलं दिसलं नाही.

तपासणिसाने लिहायला कागद काढला. "पण हा सगळा उद्योग कशासाठी?"

"अंड्यांवर अक्षरं काढणारं यंत्र आहे. त्याच्यासाठी पेन निवडत होतो."

तपासणिसाने ते वाक्य मनातल्या मनात लिहून बघितलं असावं. त्याने कागद घडी करून परत खिशात ठेवला, पट्टीही ठेवली आणि मोटारसायकलला किक मारली.

हळूहळू लोकही पांगले. जाताना प्रत्येकाने हातातलं अंडं मामांच्या पुढ्यात परत ठेवलं. मामा खोक्यावरून उठले. रेषेबुवांना वाटलं, आता आपली धडगत नाही. पण मामा काही बोलायच्या आत एक गिऱ्हाईक आलं. सकाळचा प्रकार अर्धाच ऐकून आलेलं. त्याने ट्रेमधून एक अंडं उचललं, सगळीकडून फिरवलं आणि विचारलं, "यावर काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे हे अजून तपासलेलं नाही का?"

"अहो, कोरं आहे म्हणजेच चांगलं आहे!" मामा म्हणाले.

"तसं लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं," असं म्हणून गिऱ्हाईक पुढे गेलं. दुसरं आलं. त्याचंही तेच. तिसरीने तर विचारलं, "पास झालेली कुठली?"

मामांनी रेषेबुवांकडे बघितलं. एक रिकामं खोकं उलटं करून पुढे सरकवलं.

"बसा. प्रत्येकावर लिहा, *चांगलं.*"

रेषेबुवा बसले. त्यांनी खिशातून आपलं पेन काढलं.

"ते नको! ते कुणाला दिसतंय? पुन्हा भिंगं घेऊन येतील लोक." मामांनी फळीवरून मार्कर काढून दिला. पाटीवर भाव लिहायचा. अंगठ्याएवढा जाड, टोक कुंचल्यासारखं फिस्कारलेलं. रेषेबुवांनी तो दोन बोटांत असा धरला, जसा मेलेला उंदीर शेपटीला धरतात. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली.

संध्याकाळी सून बॅग घेऊन आली, तेव्हा सासरेबुवा अंड्यांच्या दुकानात खोक्यावर बसलेले. हात काळे, नाक काळं, आणि समोर *चांगलं, चांगलं, चांगलं* अशा अंड्यांच्या रांगा.

"बाबा! इथे काय करताय?"

"वर जा. ही सांगेल सगळं. मला सांगताना कसंसंच होतं."

सून वर गेली. थोड्या वेळाने वरून हसल्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग दोघींचा, मग काहीतरी भांडं पडल्याचा. मग सून जिना उतरून पुन्हा खाली आली. चेहरा तिने महत्प्रयासाने गंभीर ठेवला होता.

"पण बाबा, पेन सापडलं का?"

"म्हणजे काय! कपाटात, रुमालात आहे. टोपणावर निळा ठिपका. डोळे मिटून लाव."

या बाबतीत मात्र रेषेबुवा शंभर टक्के बरोबर होते. निळ्या ठिपक्याच्या पेनाने शेवटच्या ओळीपर्यंत मान टाकली नाही. अंडी वेळेवर पोहोचली. चष्मेवाल्याला शेवटची ओळ स्वतःला वाचता आली नाही, त्यामुळे तो भलताच खूश झाला. लोक काचेला नाकं लावू लागले आणि सुनेला आणखी दोन कामं मिळाली. घरात पेनांचा विषय मात्र पुढे बरेच दिवस कुणी काढला नाही.

मामांच्या दुकानात मात्र वेगळंच होऊन बसलं. इमारतीतल्या लोकांना लिहिलेल्या अंड्यांची सवय लागली. कोरं अंडं दिलं की परत येऊ लागलं. तेव्हा रोज सकाळी चहा झाला की रेषेबुवा खाली उतरतात, खोक्यावर बसतात आणि जाड मार्करने *चांगलं* लिहितात. मामा चुका दाखवत नाहीत, पण बघत असतात.

एकदा पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. त्यांनी एक अंडं उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.

"हे काय लिहिलंय?"

"चांगलं," मामा म्हणाले.

"होय? मला वाटलं घागर काढलीय. कोण लिहितं हे?"

मामांनी हनुवटीनेच खोक्याकडे दाखवलं.

"पेन फार जाड आहे हो, आजी," रेषेबुवा म्हणाले.

आजींनी ते अंडं पिशवीत ठेवलं, दुसरं उचललं, तेही नीट निरखलं आणि मायेने म्हणाल्या, "पेन काय करणार बिचारं! लहानपणी कुणी हात धरून गिरवून घेतलं असतं, तर आज ही वेळ नसती आली तुमच्यावर."